लाल्या तोरणाखालून जाणार

जगन हॉटेलवाल्यानं खिशातून टेप काढला आणि ट्रॅक्टरचं बॉनेट मोजायला घेतलं, तिथंच त्याचं चुकलं. आधी ओसरीवर बसून चहा घेतला असता, चार गोड शब्द बोलला असता, तर दोन शिव्यांवर भागलं असतं. पण आपल्या शेडमधल्या वस्तूला परक्या माणसानं न विचारता टेप लावलेला नीलाबाईला खपत नाही. ती गोठ्यातून शेणाच्या हातानंच बाहेर आली.

"काय मोजून राहिला रे?"

"काही न्हाई मावशी. गेटजवळ बसतंय का बघतो."

"कोन बसतंय? तू?"

जगन हसला. हसण्यासारखं काही नव्हतं हे त्याला जरा उशिरा कळलं.

गोष्ट अशी होती. हिंगोलीच्या रस्त्याला जगननं नवं हॉटेल काढलेलं. दाराशी बैलगाडीचं चाक, भिंतीला कंदील, खाटांवर बसून जेवण, असला सगळा थाट. आता त्याला फाटकाशी एक जुना ट्रॅक्टर उभा करायचा होता. इंजिन काढून टाकायचं, पोकळ जागेत फुलझाडं लावायची, आणि लोकांनी त्यावर बसून फोटो काढायचे. लखमा नाईक तांड्यात लाल्या नावाचा असा एक ट्रॅक्टर पडून आहे, हे त्याला कुलदीपनं सांगितलं होतं. कुलदीप म्हणजे नीलाबाईचा एकुलता एक मुलगा. त्यानं नुसतं सांगितलं नव्हतं, घेऊन जा म्हणून शब्दही देऊन टाकला होता. आईला विचारायचं राहून गेलं. असं राहून जाणं आपल्याकडे मुलांच्या बाबतीत फार होतं.

"याडी, तो चालत न्हाई," कुलदीप म्हणाला. तांड्यात आईला याडी म्हणतात. "बा गेल्यापासून एकदा तरी धड चालू झाला का, तूच सांग. शेड अडवून बसलाय नुसता. मला हळद शिजवायचा कुकर आनायचाय, तो कुठं ठेवू? डोक्यावर?"

"चालत न्हाई म्हणून देऊन टाकतो व्हय? माझे बी गुडघे चालत न्हाईत. मला कोनाच्या गेटवर बसवतो?"

"तुझं काहीतरीच असतं."

"माझं काहीतरीच असतं म्हणून तू जेवून मोठा झाला."

तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, शंकरसिंग ओसरीवर बसले होते. ते कुणाच्याही घरी चहाच्या वेळेला बसलेले असतात. त्यांनी बशी खाली ठेवली आणि मध्ये पडायचं म्हणून म्हणाले, "नीलाबाई, जुनं लोखंड हाय ते. त्यात काय जीव हाय का आता?"

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग जगनकडे, मग त्याच्या हातातल्या टेपकडे.

"पोळा कधी हाय नाईक? आला ना जवळ? मग ऐका. पोळा फुटायच्या आत लाल्या सोताच्या पायानं तोरणाखालून गेला, तर त्याला पुन्ना कोनी टेप लावायचा न्हाई. आनि न्हाई गेला, तर मी सोता दोर बांधून देते याच्या हाती. मग त्यात फुलं लावा न्हाईतर कोंबड्या पाळा."

"ढकलून न्हाई चालायचं," नाईक म्हणाले.

"ढकलून तुमची जीप येते. माझा लाल्या न्हाई येत."

आता पोळ्याचं सांगायला हवं. पूर्वी या तांड्यात बैल मोजता येत नव्हते. यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर फिरलेले. आता बैलजोड्या उरल्या बोटांवर मोजण्याइतक्या. तरी पोळा होतो. सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली आधी बैल उभे राहतात, आणि बैलांची पूजा झाली की मागून ट्रॅक्टर येतात. धुतलेले, फुगे लावलेले, हार घातलेले. सगळे खालून गेले की नाईक तोरण तोडतात, म्हणजे पोळा फुटला. नियम एकच: वाहन चालत आलं पाहिजे. ओढून आणलेला बैल पोळ्यात उभा करत नाहीत, तसंच हे.

लाल्या चालता असताना दर वर्षी त्या रांगेत असायचा. नीलाबाई मात्र त्यावर कधीच नसायची, आणि हे तिचं जुनं दुखणं होतं.

हा ट्रॅक्टर परदेशी बनावटीचा. कुठल्या कंपनीचा ते आता कुणालाच माहीत नाही, नावाची पट्टी केव्हाच गळून पडली. कुणा बड्या जमीनदाराच्या मळ्यात तो चिंचेखाली सडत होता. धर्मसिंगनं, म्हणजे नीलाबाईच्या नवऱ्यानं, तो लिलावात घेतला आणि बैल जुंपून घरी आणला. तांडा हसला. पुढं तो पेट्रोलवर चालू होऊन घासलेटवर नांगरायला लागला तेव्हा तांडा हसायचा थांबला, आणि आमचंही रान नांगरून दे म्हणू लागला. एकदा ऐन हंगामात धर्मसिंग झाडावरून पडला आणि पाय प्लास्टरात घालून बसला. लोकांची रानं अडलेली. नीलाबाईनं लुगड्याचा काष्टा मारला आणि सीटवर चढून बसली.

बाईनं नांगर धरायचा नाही, असं इथं मानतात. शेजारच्या पुसेगावचे म्हातारे तिला सांगायला बांधावर आले. ती म्हणाली, "हा नांगर न्हाई, गाडी हाय."

"अन् मागं बांधलंय ते काय हाय?"

"मी पुढं बघून राहिले. मागं काय बांधलंय ते तुमी बघा."

नवऱ्याचा पाय बरा झाला, पण बाई काही सीटवरून उतरली नाही. वर्षानुवर्षं तिनं पुसेगावपासून औंढ्याकडच्या रानांपर्यंत नांगरट केली. उन्हात काळी ठिक्कर पडली. कुलदीपचं शिक्षण, शेतातली विहीर, पक्कं घर, हे सगळं त्या सीटवरून आलं. आणि पोळ्याच्या दिवशी? पोळ्याच्या दिवशी नवं धोतर नेसून धर्मसिंग लाल्यावर बसायचा आणि तोरणाखालून जायचा. ही आरतीचं ताट घेऊन बायकांत उभी. धर्मसिंग थकला तसा कुलदीप बसू लागला. तिला राग यायचा का? यायचा. बोलली का? दर पोळ्याला बोलली.

"एका दिवसाचं तर हाय," धर्मसिंग म्हणायचा.

"मग तो एक दिवस मला दे. बाकीचे तू घे."

तो हसायचा. माणूस वाईट नव्हता, मारणारा नव्हता, पिणारा नव्हता. पण तो एक दिवस त्यानं मरेपर्यंत दिला नाही. आपल्याकडच्या चांगल्या माणसांची चांगुलपणाची हद्द ही अशी ठरलेली असते.

जगन गेल्यावर नीलाबाईनं जवळा बाजार गावाला फोन लावला आणि जमील मिस्त्रीला बोलावून घेतलं.

जमील पन्नाशी ओलांडलेला, तोंडात पान, डोक्याला मेंदी. या भागात मॅग्नेटो उघडलेला मी शेवटचा माणूस, असं तो स्वतःच सांगतो, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतो. मोपेडवरून हत्यारांची पेटी उतरवता उतरवताच त्यानं निकाल दिला.

"नीलाबाई, सीधी बात सांगतो. ये मॅग्नेटो काढून फेका. मी जीपची कॉइल अन् बॅटरी बसवून देतो. बटन दाबलं की चालू."

"न्हाई."

"अरे पर काहून?"

"बॅटरी उतरली की तो उतरणार. उसनी आग नको मला. याची आग याच्यातच हाय, ती कुठं अडली ते बघ."

बाईचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आजच्या डिझेल ट्रॅक्टरला ठिणगी लागतच नाही. या जुन्या इंजिनाला लागते, आणि ती हा मॅग्नेटो देतो. जेवणाच्या डब्याएवढा लोखंडी ठोकळा, त्यात लोहचुंबक. पुढून हातानं हँडल मारलं की चुंबक फिरतं, करंट तयार होतो, आतले दोन इवलेसे पॉईंट एकमेकांपासून सुटतात आणि त्या क्षणी प्लगात ठिणगी उडते. बॅटरी नाही, काही नाही. फक्त ठिणगी वेळेवर उडायला हवी. पिस्टन पेट्रोलची वाफ दाबत दाबत वर टेकतो तेव्हाच. उशिरा उडाली तर इंजिन धापा टाकतं. आधी उडाली तर उलटं फिरायला बघतं आणि हँडल मारणाऱ्याचं मनगट मोडतं. एवढंच शास्त्र आहे. त्याचा बाऊ करायचं कारण नाही.

जमीलनं मॅग्नेटो उघडला. पॉईंट काळे पडले होते, ते त्यानं बारीक कानशीनं घासले. मग खिशातून एक लग्नपत्रिका काढली. हिरवी, सोनेरी अक्षरांची, कडा कुरतडलेल्या.

"कोनाचं लगीन?" बाईनं विचारलं.

"साल्याच्या पोरीचं. होऊन गेलं, तिला दोन लेकरं हायेत. पर कागद बघा कसा हाय. असा कागद आता छापत न्हाईत." त्यानं पत्रिकेचा कोपरा दोन पॉईंटच्या मधे घातला, अडकत अडकत जाईल एवढी फट ठेवली आणि स्क्रू आवळला. "बराबर. मशीननं मोजा, एवढीच येईल."

मग टायमिंग. ट्रॅक्टरच्या नाकाशी, हँडल जिथं घालतात तिथं, एक पुली असते. पुलीवर कंपनीची खूण, आणि समोर इंजिनाला एक लोखंडी बाण. खूण बाणासमोर आली की पिस्टन वर टेकला. नेमका तिथं मॅग्नेटो आतल्या आत "टक्" असा वाजला पाहिजे. तो टक् म्हणजे ठिणगी. पुलीवर ठसठशीत लाल रेघ होती. जमीलनं ती बाणासमोर आणली, मॅग्नेटो फिरवून टक् तिथं बसवला आणि बोल्ट पक्के केले.

"आता बघा," तो म्हणाला आणि हँडल मारलं.

हँडल उलटं आलं. जमीलनं अंगठा बाहेर ठेवला होता म्हणून हात वाचला, पण तो स्वतः कडब्याच्या पेंढ्यांवर जाऊन बसला. पान बाहेर पडलं.

"या अल्लाह! हे काय पाळून ठेवलंय तुमी?"

त्यानं सगळं पुन्हा उघडलं, पुन्हा तपासलं, पुन्हा लाल रेघेवर टक् आणला. पुन्हा हँडल. पुन्हा उलटा तडाखा, आणि सायलेन्सरमधून असा बार की कुलदीपची बायको मिना हातातली भाकरी टाकून बाहेर आली. मग जमीलनं पेट्रोलला दोष दिला, कॉइलला दोष दिला, दमट हवेला दिला, शेवटी नजर लागली म्हणाला. एवढी वर्षं इतर मिस्त्री हेच म्हणून गेले होते. कुलदीप दारातून बघत होता. हळदीचा कुकर कुठं बसेल ते तो पावलांनी मोजू लागला.

"हा ट्रॅक्टर न्हाई, सासू हाय," जमील पेटी बांधत म्हणाला.

"मग सासूशी वागतात तसं वाग. हात जोड अन् पुन्ना कर."

"माझं मनगट मोडलं तर घरी फातिमाबीला काय सांगू? म्हाताऱ्या ट्रॅक्टरनं मारलं? मला बॅटरी बसवू द्यायची तर फोन करा." आणि मोपेडला लाथ मारून तो निघून गेला.

रडायबिडायचा बाईचा स्वभाव नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डिझेलचा डबा, जुनी चिंधी आणि सुरी घेतली आणि लाल्याला धुवायला बसली. मिनानं विचारलं, "आता काहून धुता आत्या? चालू तर होईना."

"बैल आजारी असला तरी पोळ्याला धुतात ना? सरक."

चाकं धुतली, बॉनेट धुतलं, मग नाकाशी आली. पुलीवरचा लाल रंग तिला कधी आवडला नव्हता असं नाही, पण त्यावर ग्रीस आणि माती बसून तो घाण दिसत होता. तिनं सुरी लावली. रंगाचा पापुद्रा निघाला. खाली आणखी एक लाल. त्याच्या खाली आणखी एक. कांद्यासारखे थर. खरवडता खरवडता ती पूर्ण पुलीभर गेली, आणि रेघेपासून दोन बोटं पलीकडे सुरीचं टोक अडकलं. तिथं रंगाचा ओघळ आणि ग्रीस वाळून दगड झाले होते. ते उकरून काढलं तर खाली लोखंडात कोरलेली एक बारीक, सरळ खाच होती. अशी खाच कुणी हातानं करत नाही.

बाई सुरी हातात धरून तिथंच बसली. मग तिला लख्ख कळलं.

पोळ्याला बैलांची शिंगं हिंगुळानं लाल रंगवायची, आणि वाटीत उरलेल्या हिंगुळाचं एक बोट लाल्याच्या नाकावर ओढायचं, ही तिचीच पद्धत. धर्मसिंगची सवय अशी की संध्याकाळी ट्रॅक्टर उभा केला की हँडल हातानं वर ओढून, इंजिनात दाब लागेपर्यंत आणून ठेवायचं, म्हणजे सकाळी एका झटक्यात चालू. म्हणून पुली दर वेळी जवळपास त्याच जागी थांबलेली, आणि दर पोळ्याला रेघेवर रेघ. ती रेघ खऱ्या खुणेच्या दोन बोटं आधी बाणासमोर यायची. धर्मसिंगला फरक पडत नव्हता, तो खुणा बघतच नव्हता, कानानं टायमिंग लावायचा. तो गेल्यावर जो मिस्त्री आला त्यानं ती लाल रेघ कंपनीची समजून मॅग्नेटो तिच्यावर बसवला.

तिनं फोन लावला. "जमील, ती लाल रेघ माझी हाय."

"मतलब?"

तिनं सांगितलं. मग जमील ओरडला, "तुमी कंपनीच्या निशाणीवर रंग फासला? आनि मी त्या रंगापायी मार खाल्ला?"

"मी माझ्या बैलाला रंग लावला. त्याला पाहून टायमिंग लाव असं मी म्हणले होते का? मी काय इंजिनिअर हाय? ये लवकर. पत्रिका आन."

जमील आला. या वेळी कमी बोलला. त्यानं पहिला प्लग काढला. बाईनं त्या भोकावर अंगठा दाबून धरला आणि तो हँडल हळूहळू वर ओढू लागला. पिस्टन दोनदा वर येतो, एकदा धूर बाहेर टाकायला आणि एकदा वाफ दाबायला. आपल्याला दुसरा हवा, आणि तो अंगठ्यालाच कळतो.

"न्हाई... न्हाई... आली! हवा ढकलून राहिली अंगठ्याला!"

"अजून थोडं. खाच बघा. बाणासमोर आली?"

"आली. थांब तिथंच, हलू नको."

मॅग्नेटोचे बोल्ट ढिले ठेवलेले. जमील तो ठोकळा केसाकेसानं फिरवू लागला. दोघांनी श्वास धरले होते. टक्. त्यानं बोल्ट आवळले, प्लग बसवला, वायर लावली, आणि हँडलपासून दोन पावलं मागं झाला. तडाखा आठवत असावा.

"सरक, मी मारते," बाई म्हणाली.

"तुमी? खुदा के वास्ते... सरका, सरका." बाईमाणसासमोर मागं राहणं त्याला परवडणारं नव्हतं. त्यानं अंगठा बाहेर ठेवून हँडल खालून वर खेचलं.

लाल्या खोकला. पांढरा धूर सोडला. एक ठोका, मग दुसरा, मग ते ठोके एकमेकांच्या मागं धावू लागले. शेडचे पत्रे थरथरले. चिमण्या उडाल्या. कुलदीप रानातून पळत आला आणि दारात थांबला. बापाच्या वेळचा तो आवाज त्यानं ओळखला नसेल असं नाही. पण बोलला ते असं, "चालू झाला म्हंजे तोरणापर्यंत येईल असं न्हाई."

"बरं," बाई म्हणाली. "तू तुझा फेटा धुऊन ठेव."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणतात. बाईनं ते दोन्ही बैलांना म्हटलं आणि मग शेडमध्ये जाऊन लाल्याच्या दोन्ही चाकांनाही म्हटलं. मिना फिस्सकन हसली. हसू दे. पुलीला मात्र या वेळी रंगाचं बोट लागलं नाही.

पोळ्याला तांडा मंदिरासमोर जमला. बैल तोरणाखाली उभे राहिले, पूजा झाली, बैल घरोघरी पुरणपोळी खायला गेले. मग ट्रॅक्टरांची रांग. सगळ्यात पुढं शंकरसिंग नाईकांचा नवा कोरा, आरशासारखा. तेवढ्यात वळणावरून तो जुना ठोका ऐकू आला. ढोलवाल्यांनीही हात थांबवले. नीलाबाई काष्टा मारून सीटवर ताठ बसलेली. मडगार्डवर जमील, एका हातानं टोपी धरून. जगनही आलेला होता, पांढऱ्या कपड्यांत, ट्रॅक्टर न्यायला बरोबर गाडी घेऊन.

बाईनं लाल्या सरळ नाईकांच्या ट्रॅक्टरच्या पुढं घातला.

"वयानं मोठा आधी. बैलांत हाच नेम हाय ना?"

नेम तोच होता. नाईकांनी वाट दिली. पुढची चाकं तोरणाखाली गेली तसे ते हात वर करून आडवे आले.

"थांब. लाल्या जाऊ दे, आमचं काही म्हणनं न्हाई. पर तू उतर. तोरणाखालून बाप्या माणूस नेतो, हे तुला ठाऊक हाय. कुलदीपला बसव."

"लाल्या आला ना सोताच्या पायानं?"

"आला."

"कोनी आनला?"

"ते जाऊ दे ना बाई. रीत हाय."

कुलदीप पुढं आला. खाली बघत म्हणाला, "उतर याडी. मी नेतो. लाल्या ठेवू आपन, देत न्हाई जगनला. झालं? उतर आता."

हे त्यानं मनापासून म्हटलं होतं. बाईला हवं ते मिळालं होतं, फक्त खाली उतरायचं होतं. शहाण्या माणसानं इथं उतरावं, असं शेजारची कुणीही बाई सांगेल. नीलाबाईनं इंजिन बंद केलं. पुढची चाकं तोरणाच्या पलीकडे, मागची अलीकडे, मधे ती. आणि पाय ब्रेकवर.

"कुलदीपला न्यायचाय ना? मग करू दे चालू. मारा हँडल."

मागं ट्रॅक्टरांची रांग खोळंबली. लाल्या हलल्याशिवाय तोरण तुटत नाही आणि तोरण तुटल्याशिवाय पोळा फुटत नाही. कुलदीपनं हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. नाईकांचा पुतण्या आला, दंड दाखवून मारलं. काही नाही. दोघं-तिघं घामाघूम झाले. जगन बाह्या सारून पुढं आला, त्याच्या पांढऱ्या कपड्यांवर पुलीचं ग्रीस उठलं, इंजिनानं हूं की चूं केलं नाही.

मॅग्नेटोच्या ट्रॅक्टरला किल्ली नसते. बंद करायला एक बटण असतं. ते दाबलं की ठिणगी प्लगपर्यंत जातच नाही, लोखंडात विरून जाते. लाल्याचं बटण धर्मसिंगनं सीटखाली, उजव्या मांडीशी बसवलेलं. बाईचा उजवा हात मांडीखाली होता आणि अंगठा बटणावर. मडगार्डवर बसलेल्या जमीलला ते दिसत होतं. त्यानं आभाळाकडे बघत पान चघळलं.

"बिघडला पुन्ना," जगन धापा टाकत म्हणाला.

"ढकला रे," नाईकांनी हुकूम सोडला.

"ढकलून न्हाई चालायचं, नाईक. तुमीच बोलले होते माझ्या ओसरीवर."

बायकांतून कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी कुणी. आरतीची ताटं धरून उभ्या असलेल्या बायकांची ती रांग. कधीकाळी नीलाबाई त्यातच उभी असायची. मागून ट्रॅक्टरांचे भोंगे वाजू लागले, लेकरं पुरणपोळीसाठी कुरकुरू लागली. शंकरसिंग एकदा रांगेकडे, एकदा बायकांकडे, एकदा त्या ताठ बसलेल्या बाईकडे बघून राहिले. ते काही मूर्ख नव्हते. तिचा उजवा हात कुठं आहे हे त्यांनी पाहिलं. तो तिथून काढ म्हणायचं, तर एवढ्या लोकांसमोर बाईशी हातापायी आली.

"ने बाई," ते पुटपुटले. "ने तूच."

"मोठ्यानं बोला. ढोलात ऐकू येईना."

ढोल केव्हाचा थांबला होता.

"नीलाबाई नेईल!" नाईक ओरडले. "पोळा फुटू दे आता एकदाचा!"

बाईनं हात मांडीखालून काढला आणि स्टिअरिंगवर ठेवला. "कुलदीप, ये. तूच मार. अंगठा बाहेर ठेव."

कुलदीप वाकला. आईकडे एकदा बघितलं. तिच्या नजरेत हसू नव्हतं, दया तर अजिबात नव्हती. त्यानं हँडल खालून वर खेचलं आणि लाल्या पहिल्याच झटक्याला गर्जून उठला.

तोरणाची पानं बॉनेटला घासली, मग तिच्या डोक्याला. बायकांनी लाल्याऐवजी तिलाच ओवाळलं, आणि ते चुकून झालं नव्हतं. मंदिराला वळसा घालून ती बाहेर पडली तसा ग्रीसानं काळा झालेला जगन मोबाईल काढून पुढं आला.

"मावशी, जरा थांबवा ना! एक फोटो!"

"फोटो काढायचा तर पळत काढ. हा उभा राहत न्हाई."

आणि तिनं गिअर टाकला. घराकडे नाही, पुसेगावच्या रस्त्याकडे. मडगार्डवर जमील ओरडत होता, मला जवळा बाजारला जायचंय, तिकडं न्हाई. हँडल हातात घेऊन कुलदीप मागं पळत होता.